दहा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप: खर्च कुठे करावा आणि कुठे थांबावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी डीटीपी, झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे काम करणाऱ्या एका वाचकांकडे २०१४ सालच्या अखेरीस असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. त्यात इंटेलचा चौथ्या पिढीचा कोअर आय३-४१५० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबीची एकच डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि कॅबिनेटसोबतच आलेला, ‘४५० वॅट’ असे लेबल असलेला एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज देणारा डबा) आहे. सुरू केल्यापासून कामाला येईपर्यंत त्याला सहा-सात मिनिटे लागतात, दुपारच्या वेळी तो कधीकधी आपोआप बंद पडतो, आणि सकाळी सुरू केल्यावर तारीख काही वर्षे मागे गेलेली दिसते. दुकानदाराने ‘मदरबोर्ड गेला, नवीन संगणकच घ्या’ असे सांगितले आहे. यातले काय दुरुस्त होईल, काय वाढवावे, आणि ग्राफिक्स कार्ड घातल्यास कोरल व फोटोशॉप वेगाने चालतील का, असे ते विचारतात.

मदरबोर्ड गेल्याचे यातले एकही लक्षण नाही. ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यांची कारणेही बहुधा वेगवेगळी आहेत. तिन्ही एकाच यंत्रात एकाच वेळी दिसली म्हणून ती एकाच भागावर ढकलणे बरोबर नाही. खर्चाच्या बाबतीत मी एक नियम कटाक्षाने पाळतो आणि इतरांनाही सांगतो. जो भाग पुढच्या संगणकात काढून नेता येतो, तो नवा, चांगला आणि बिलासह घ्यावा. जो भाग याच बोर्डाबरोबर निकामी होणार आहे, त्यासाठी जुन्या बाजारात मिळेल तेवढ्या कमी पैशांत भागवावे. एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, आत काहीच न फिरणारी डिस्क), एसएमपीएस आणि यूपीएस पहिल्या गटात येतात. डीडीआर३ रॅम आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर दुसऱ्या गटात.

कशालाही हात लावण्यापूर्वी कामाच्या सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात आणि त्यांतल्या महत्त्वाच्या फाइलींची आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवावी. डीटीपीवाल्यांच्या बाबतीत यात केवळ दस्तऐवज येत नाहीत. जुने मराठी फाँट, कीबोर्डची मांडणी, प्रिंटरचे ड्रायव्हर, डिजिटल सहीच्या टोकनचे सॉफ्टवेअर, आणि सॉफ्टवेअरचा परवाना ज्या डोंगलवर किंवा क्रमांकावर चालतो त्याची नोंद, हे सगळे आधी गोळा करावे. दहा वर्षांपूर्वीच्या लग्नपत्रिकेची फाइल हाती असूनही तिचा फाँट सापडत नाही, ही अडचण मी अनेक केंद्रांत पाहिली आहे, आणि तिच्यावर नंतर कोणताच सुटा भाग उपयोगी पडत नाही.

तारखेपासून सुरुवात करू, कारण हा उपाय सर्वांत स्वस्त आहे. बोर्डावर सीआर२०३२ नावाची ३ व्होल्टची नाण्याच्या आकाराची बॅटरी असते. वायर भिंतीच्या सॉकेटात असून बटण सुरू असेल तोवर एसएमपीएसच्या ५ व्होल्ट स्टँडबाय पुरवठ्यावर घड्याळ चालते. रात्री दुकानाचा मेन स्विच बंद केला की घड्याळ केवळ या बॅटरीवर अवलंबून राहते. म्हणूनच दिवसभर तारीख ठीक राहते आणि सकाळी मात्र ती मागे जाते. नवी बॅटरी घालावी आणि लगेच बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या बोर्डाच्या मांडणीत) जाऊन तारखेबरोबर साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, मोड एएचसीआय आहे ना, हेही पाहावे, कारण बॅटरी संपल्यावर बायोसची मांडणी मूळपदावर जाते आणि हा मोड बदलला गेल्यास विंडोज सुरूच होत नाही. ज्यांचे काम शासकीय संकेतस्थळांवर चालते त्यांनी या किरकोळ बॅटरीकडे दुर्लक्ष करू नये. तारीख चुकीची असली की ब्राउझर संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र अमान्य ठरवतो आणि डिजिटल सहीही अडते, आणि दोष मात्र इंटरनेटला दिला जातो.

आपोआप बंद पडणे हे त्यातले खरे तपासाचे काम आहे. येथे घाई केली तर चांगला भाग फेकला जातो आणि खराब भाग जागेवर राहतो. बंद पडण्याची पद्धत नीट पाहावी. उष्णतेमुळे बंद पडणारा संगणक सहसा आधी सूचना देतो: पंख्याचा आवाज वाढतो, काम संथ होते आणि मग तो बंद होतो, लगेच पुन्हा सुरू केला तर थोड्याच वेळात परत बंद पडतो. वीजपुरवठ्याच्या दोषाने बंद पडणारा कोणतीही सूचना न देता क्षणात काळा होतो किंवा स्वतःच पुन्हा सुरू होतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसते, पण संगणक नीट बंद केला गेला नव्हता एवढेच ती सांगते; तिच्यावरून मदरबोर्डचा निकाल लावणे निराधार आहे.

तपमान पाहण्यासाठी एचडब्ल्यूइन्फोसारखा मोफत प्रोग्राम चालवून संगणकाला अर्धा तास नेहमीचे काम द्यावे. काम नसताना ३५ ते ५० अंश आणि कामात ६० ते ७५ अंश सेल्सिअस हे या प्रोसेसरसाठी ठीक आहे. विदर्भात किंवा मराठवाड्यात मे महिन्यात खोलीचेच तपमान ४० अंशांच्या वर असते, तेव्हा आकडे काहीसे वर जाणारच. पण ९० अंशांच्या पुढे गेले तर प्रोसेसरवरचा कूलर काढून साफ करणे भाग आहे. वायर काढून घ्यावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, आणि कॅबिनेट उघड्या जागी नेऊन ब्लोअरने धूळ काढावी. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, अन्यथा पंखा वेगाने फिरून त्याची बेअरिंग खराब होते. इंटेलच्या मूळ कूलरला प्लॅस्टिकच्या चार पिना असतात. बसवताना त्या समोरासमोरच्या जोडीने दाबाव्यात आणि चारही पिना बोर्डाच्या मागून पूर्ण बाहेर आलेल्या दिसतात का, हे पाहावे. यातली एखादी पिन अर्धवट बसलेली असणे हे दुपारी बंद पडण्याचे फार सामान्य कारण आहे. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नव्या पेस्टचा हरभऱ्याच्या दाण्याहून थोडा लहान थेंब मधोमध ठेवावा. तो पसरण्याचे काम कूलरचा दाब करतो.

तपमान ठीक असूनही बंद पडत असेल तर एसएमपीएसकडे वळावे. प्रथम लेबल वाचावे. मोठ्या अक्षरांतील वॅटला फारसा अर्थ नसतो. १२ व्होल्टच्या ओळीसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे. तेथे १४ अँपिअर असतील तर संगणकाच्या मुख्य भागांना मिळणारी शक्ती १६८ वॅट होते, बाहेर ४५० लिहिलेले असले तरी. आपल्या यंत्राची गरज मुळात कमी आहे: प्रोसेसर ५४ वॅटचा, आणि सगळे मिळून भराच्या वेळीही साधारण १०० वॅटच्या आसपास. त्यामुळे आपल्याला मोठा एसएमपीएस लागत नाही, प्रामाणिक एसएमपीएस लागतो. मल्टिमीटर असेल तर संगणक चालू असताना रिकाम्या चार पिनांच्या जोडणीवर पिवळ्या आणि काळ्या तारेमध्ये व्होल्टेज मोजावे, ११.४ ते १२.६ च्या मध्ये ते राहिले पाहिजे. लाल आणि काळ्या तारेमध्ये ४.७५ ते ५.२५ यावे. काम वाढताच आकडा या मर्यादेखाली जात असेल तर एसएमपीएस बदलावा. हिरवी तार काळ्या तारेला जोडून पंखा फिरतो का हे पाहण्याची दुकानांतली रीत केवळ तो सुरू होतो एवढेच दाखवते. भार पेलतो की नाही, हे तिच्यातून कळत नाही.

या पिढीच्या प्रोसेसरची एक खास गोष्टही येथे सांगितली पाहिजे, कारण ती फारशी कोणी तपासत नाही. चौथ्या पिढीत इंटेलने सी६ आणि सी७ या झोपेच्या अवस्थांमध्ये प्रोसेसरची विजेची गरज इतकी खाली आणली की जुन्या धाटणीच्या काही एसएमपीएसना तेवढा कमी भार सांभाळता येत नाही आणि ते स्वतःला बंद करून घेतात. आपला संगणक काम चालू असताना नव्हे, तर कोणी हात न लावता नुसता बसलेला असताना बंद पडत असेल, तर बायोसमध्ये या दोन अवस्था बंद करून काही दिवस पाहावे. यात एक पैसाही खर्च होत नाही.

झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानात आणखी एक शक्यता नेहमी असते, ती लेझर प्रिंटरची. शाई कागदावर पक्की करणारा त्यातला तापक रोलर थोड्या वेळासाठी काहीशे वॅटपासून हजार वॅटपर्यंत वीज ओढतो. प्रिंटर आणि संगणक एकाच एक्स्टेंशन बोर्डावर असतील, वायरिंग बारीक असेल आणि दुपारी गावातले व्होल्टेज आधीच पडलेले असेल, तर प्रिंट देताक्षणी व्होल्टेज आणखी खाली जाते आणि अशक्त एसएमपीएस मान टाकतो. बंद पडण्याच्या वेळा आणि प्रिंट काढण्याच्या वेळा काही दिवस वहीत लिहून पाहाव्यात. त्या जुळल्या तर लेझर प्रिंटरला भिंतीतले वेगळे सॉकेट द्यावे. तो यूपीएसवर मात्र कधीही लावू नये. ६०० व्हीएचा साधा यूपीएस ३६० वॅटच्या आसपासच भार पेलतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असे समजावे. एसएमपीएसमधील गाळणीचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांमधून थोडी गळती कॅबिनेटकडे देतात आणि अर्थिंग नसल्यास पत्र्यावर पुरवठ्याच्या साधारण निम्मे व्होल्टेज दिसते. हे इलेक्ट्रिशियनचे काम आहे आणि ते त्याच्याकडूनच करून घ्यावे. एसएमपीएस स्वतः उघडण्याचा मोह टाळावा, हे मी आग्रहाने सांगतो. त्यातील मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून अधिक व्होल्टेज असते आणि वायर काढल्यावरही ते काही काळ टिकते.

नवा एसएमपीएस घेताना ४०० ते ४५० वॅटचा, ८० प्लस प्रमाणपत्र असलेला आणि किमान तीन वर्षांच्या वॉरंटीचा घ्यावा. पुढचा संगणक साध्या एटीएक्स कॅबिनेटमध्ये जुळवला तर तोच तेथे लागतो. ब्रँडेड कंपन्यांच्या लहान कॅबिनेटवाल्या कार्यालयीन संगणकांचा आकार आणि जोडण्या पुष्कळदा वेगळ्या असतात, त्यांना हा बसेलच असे नाही. आपला असेंबल केलेला असल्याने आपल्याला ही अडचण नाही. एसएसडीसाठी साटाची पॉवर तार कमी पडली तर चार पिनांपासून साटा करणारा, साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकचा स्वस्त अडॅप्टर लावू नये. त्याच्या आतल्या तारा एकमेकींना टेकून तो जळाल्याची उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत.

आता संथपणाकडे येऊ. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एक फेरा पूर्ण करायला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, आणि डोके त्या पट्ट्यावर नेण्यासाठी साधारण ९ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या लहान फाइली वाचताना सेकंदाला जेमतेम ७५ वाचने होतात. विंडोज सुरू होताना अशा हजारो फाइली वाचते. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने साधी एसएसडीही सेकंदाला हजारो वाचने करते. सहा-सात मिनिटांचा वेळ अर्ध्या मिनिटाच्या आसपास येतो तो याच कारणाने, आणि या संगणकात एकच भाग बदलायची ऐपत असेल तर तो हाच असावा असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र त्याआधी जुन्या डिस्कची प्रकृती क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये पाहावी. ०५, सी५ आणि सी६ या ओळींत शून्याऐवजी आकडे दिसत असतील आणि वाढत असतील, तर डिस्क मरणपंथाला लागली आहे. तिच्यावरून माहिती उतरवून घ्यावी आणि तिला कामातून काढावे. सी७ या ओळीतच आकडा वाढत असेल तर बहुधा डिस्क नव्हे, साटाची केबल खराब असते, आणि ती किरकोळ किमतीत बदलता येते.

एच८१ बोर्डावर एनव्हीएमई ड्राइव्हची (अधिक वेगवान प्रकारच्या एसएसडीची) जागा नसते, म्हणून २.५ इंची साटा एसएसडी घ्यावी. या चिपसेटला साटाच्या चारच जोडण्या आहेत आणि त्यांतल्या दोनच ६ गिगाबिट वेगाच्या आहेत. बोर्डावर छापलेले वाचून एसएसडी त्यांपैकी एकीवर लावावी. तेथे सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास वेग मिळतो, उरलेल्या दोन जोडण्यांवर त्याच्या निम्मा. एसएसडी लवकर झिजते ही भीती आता बाळगू नये. २४० जीबीच्या साध्या एसएसडीवर कंपन्या साधारण ८० टीबी लेखनाची हमी देतात. रोज २० जीबी लिहिले तरी त्याला ४,००० दिवस, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षे लागतील. अनोळखी नावाच्या, बिलाशिवाय मिळणाऱ्या एसएसडी मात्र टाळाव्यात, कारण त्यांत लेबलावरची क्षमता खोटी निघू शकते.

विंडोज नव्याने टाकावी की जुनीच उचलून न्यावी, याचे उत्तर आपल्या परवान्यांवर अवलंबून आहे. तांत्रिकदृष्ट्या नव्याने टाकणेच चांगले. पण ज्या जुन्या सॉफ्टवेअरची सीडी आणि क्रमांक दोन्ही हरवले आहेत, त्यासाठी क्लोनझिलाने संपूर्ण डिस्कची प्रत काढणे शहाणपणाचे ठरते. येथे एक खाचखळगा आहे. क्लोनझिलाला नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी लागते आणि ४८० जीबीची एसएसडी ५०० जीबीच्या हार्ड डिस्कपेक्षा लहान असते, हे घरी आल्यावर लक्षात येते. क्लोन करायचे असेल तर ५०० किंवा ५१२ जीबीचीच घ्यावी.

रॅमच्या बाबतीत ४ जीबी आज ब्राउझरच्या काही टॅबनाच पुरत नाही, शिवाय प्रोसेसरमधले ग्राफिक्स त्यातलाच वाटा घेते. एच८१ वर रॅमच्या दोनच जागा आणि कमाल १६ जीबी असते. आहे तशीच आणखी एक ४ जीबी, १६०० मेगाहर्ट्झची वापरलेली रॅम घेऊन ८ जीबी करावी. दोन्ही जागा भरल्याने दोन मार्गांनी वाचन होते आणि त्याचा ग्राफिक्सलाही फायदा मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाणे होत असेल तर बोर्डाचे पूर्ण नाव आणि जुनी रॅम सोबत न्यावी. इंटरनेटवर अतिशय स्वस्तात दिसणाऱ्या ८ जीबीच्या काही डीडीआर३ रॅम ‘फक्त एएमडीसाठी’ असतात, त्या इंटेलच्या बोर्डावर चालत नाहीत. हा शब्द वर्णनात बारीक अक्षरांत असतो. रॅम बसवल्यावर रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवावा. एकही चूक दाखवली तरी ती परत करावी, कारण सदोष रॅम फाइली नकळत बिघडवते.

प्रोसेसर बदलण्याची मला घाई वाटत नाही. एसएसडी आणि रॅमनंतरही मोठ्या फ्लेक्सच्या फाइलींना वेळ लागत असेल, तर वापरलेला आय५-४५७० किंवा ४५९० पाहावा. दोन ऐवजी चार कोअर मिळतात. आपल्या बोर्डावर ४१५० चालत आहे आणि तो ४५९० च्याच सुधारित फळीतला असल्याने बायोसची अडचण सहसा येणार नाही, पण हे प्रोसेसर ८४ वॅटचे आहेत, म्हणून बोर्ड कंपनीच्या यादीत नाव असल्याची खात्री करावी. पिना प्रोसेसरवर नसून बोर्डाच्या सॉकेटमध्ये आहेत. तेथे बोट किंवा कापड लागले तर चांगला बोर्ड खरोखरच जाईल.

ग्राफिक्स कार्ड घेऊ नये. पत्रिका, फ्लेक्स, पासपोर्ट फोटो अशा द्विमितीय कामात अडथळा डिस्क, रॅम आणि प्रोसेसरचा असतो. शिवाय जीटी १०३० सारख्या कार्डांना जुनी व्हीजीए जोडणीच नसते, त्यामुळे आपला मॉनिटर जुना असेल तर वेगळा कन्व्हर्टर घ्यावा लागेल.

उरला प्रश्न या संगणकाच्या आयुष्याचा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केल्यास सुरक्षा सुधारणा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते; आपला चौथ्या पिढीचा आहे. अटी चुकवून ती टाकण्याच्या युक्त्या आहेत, पण ज्या संगणकावर गावातल्या लोकांचे आधार, उत्पन्नाचे दाखले आणि बँकेचे तपशील हाताळले जातात तेथे मी ती वाट सुचवणार नाही. माझा सल्ला असा की एसएसडी, एसएमपीएस आणि ८ जीबी रॅम घालून हे यंत्र डीटीपीसाठी ठेवावे आणि त्यावर इंटरनेट शक्य तितके कमी वापरावे. अर्ज भरण्याच्या कामासाठी पैसे साठतील तसा आठव्या किंवा पुढच्या पिढीचा वापरलेला कार्यालयीन डेस्कटॉप घ्यावा. तोवर डिस्कच्या वेगळ्या भागात (पार्टिशनमध्ये) लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून ब्राउझरचे काम त्यात करता येते. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहेच, फक्त डिजिटल सहीच्या टोकनचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर मिळतो का, हे आधी पाहावे.

आणि तपासाअंती बोर्ड खरोखरच गेलेला निघाला, म्हणजे दुसरा चांगला एसएमपीएस आणि दुसरी रॅम लावूनही डिस्प्ले येत नाही, किंवा प्रोसेसरजवळचे कपॅसिटर फुगलेले दिसतात, तर त्याच जातीचा नवा बोर्ड शोधत बसू नये. तेथे डीडीआर३ रॅम आणि जुना प्रोसेसर विकून टाकावा आणि एसएसडी नव्या यंत्रात लावावी.